साखरेची चरबी कशी होते?

पुरणपोळीवर तूप वाढतांना "चरबी वाढेल" म्हणून धार आखडती घेणारी गृहिणी पोळ्यांच्या आग्रहांत मात्र उदार असते. आमच्या घरींही हेंच चालतें. त्या गुळाचें व कणकेचें शरीरांत पुढें काय होतें?

इसवी सन १८४० नंतर यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद माजला. प्राण्यांस चरबी वनस्पतींतूनच आयती मिळते, असें फ्रान्समधील ड्यूमा म्हणत. जर्मनीचे लीबिग म्हणत कीं प्राणी ती पिष्ट व साखर यांपासून स्वतः बनवितो. पुढें इंग्लंडांत रोदॅमस्टेड येथें लॉज आणि गिल्बर्ट यांनीं डुकरांस मोजून खाऊं घातलें व शेवटीं त्यांच्या शरीरांतील चरबी तोलली. खाद्यांत होती तिच्या कितीतरी पट ती भरली. लीबिग यांचा पक्ष खरा ठरला.

घडतें तें असें. पिष्टाची आंतड्यांत द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, होते. ती रक्तांत वाढली कीं स्वादुपिंडांतून इन्शुलिन स्रवतें, आणि जळून उरलेली शर्करा ग्लायकोजेनच्या रूपानें सांठते. हें कोठार लहान आहे : यकृतांत सुमारें १०० ग्रॅम, स्नायूंत सुमारें ४००. तें भरत आलें कीं यकृत शर्करेपासून दोन-दोन कार्बन-अणूंचे तुकडे करतें व ते जोडीत जाऊन सोळा कार्बनांचें पामिटिक अम्ल बनवितें. अशीं तीन अम्लें ग्लिसेरॉलला जोडलीं कीं चरबी तयार. ग्लायकोजेनच्या ग्रॅमास चार कॅलरी, हिच्या ग्रॅमास नऊ.

परंतु डुकराचा न्याय माणसास जसाच्या तसा लागू पडत नाहीं. आपल्या नेहमींच्या आहारांत साखरेची चरबी थोडीच होते; कारण शरीर शर्करा आधीं जाळतें, आणि तुपावर जळण्याची पाळी न आल्यानें तें सांठ्यांत जातें. सणाच्या जेवणानंतर कमरेवर चढतें तें बहुधा तूपच. त्यास तेथें धाडतात पोळ्या!

अतिरेक दिवसेंदिवस चालला तर मात्र रूपांतरास जोर येतो. साखरेचा अर्धा भाग फलशर्करेचा. ती यकृतांत विशेष सहज चरबीकडे वळते. म्हणून मद्यास कधीं न शिवलेल्या माणसाचेंही यकृत मेदानें भरलेलें आढळतें. दुखत कांहींच नाहीं; दुसऱ्याच कारणासाठीं केलेल्या सोनोग्राफींत तें अकस्मात् दिसतें. वजन उतरलें कीं हा मेद पुष्कळांत ओसरतो.