युद्धाच्या सावटातील प्रवास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी युद्धाची भाषा कशाला, अशी कुरकुर काही सभासदांनी केल्याचे आमच्या कानी आले आहे. ती अगदीच गैर नाही. परंतु ज्या कुटुंबांनी हे मंडळ उभे केले, त्यांची मुले बदलीच्या नोकरीपायी फार तर या प्रांतातून त्या प्रांतात जात. त्यांची नातवंडे आज वैद्यकीच्या शिक्षणासाठी काळ्या समुद्रापलीकडे, तर नोकरीसाठी आखातात जातात. तेव्हा हा विषय आता आपल्या माजघरापर्यंत आलेला आहे.

युद्ध चालू असलेल्या देशात केवळ हौसेने जाऊ पाहणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की जाऊ नये. त्यावर अधिक वेळ दवडण्याची गरज नाही. खरा प्रश्न उदरनिर्वाहासाठी वा विद्येसाठी गेलेल्यांचा आहे. ही माणसे गेली तेव्हा बहुधा तो देश शांत असतो. युद्ध मागाहून येते.

युक्रेनचेच उदाहरण घेऊ. २०२२ च्या आरंभी त्या देशात सुमारे वीस हजार भारतीय होते व त्यांत बहुसंख्य वैद्यकीचे विद्यार्थी होते. जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात कीव्ह येथील आपल्या वकिलातीने सर्वांना नावे नोंदविण्यास सांगितले. १५ फेब्रुवारीस सूचना निघाली, की ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही त्यांनी तात्पुरता देश सोडण्याचा विचार करावा. २० तारखेस ‘विचार करावा’ हे शब्द गळाले आणि देश सोडण्याचा स्पष्ट सल्ला आला. विद्यापीठे ऑनलाइन वर्ग घेणार की नाही याची विचारणा करणारे दूरध्वनी इतके येऊ लागले, की २२ तारखेस वकिलातीस लिहावे लागले, विद्यापीठाच्या उत्तराची वाट न पाहता निघा. २४ तारखेस पहाटे आक्रमण झाले, नागरी विमानांना आकाश बंद झाले आणि विद्यार्थ्यांना आणण्यास निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतून परतले.

आमचे आयुष्य सरकारी मसुदे लिहिण्यात व वाचण्यात गेले, म्हणून या भाषेविषयी दोन शब्द अधिकाराने सांगतो. परक्या देशात बसलेली वकिलात यजमान सरकारला न दुखावता आणि घबराट न पसरविता बोलत असते. तिने ‘विचार करावा’ असे लिहिले, की त्यामागे पुष्कळ विचार होऊन गेलेला असतो. सूचनेतला एकेक शब्द मोजून घातलेला असतो आणि लागोपाठच्या दोन सूचनांत कोणता शब्द बदलला हे पाहिले, तर वारा कोठून कोठे वळला ते कळते. १५ ते २४ फेब्रुवारी हे नऊ दिवस होते. त्या दिवसांत तिकीट महाग का होईना, पण मिळत होते. युद्ध सुरू होण्यापूर्वी सुमारे चार हजार लोक निघालेही. उरलेले का थांबले? परीक्षा बुडेल, भरलेली फी वाया जाईल, तिकिटाचे दर आठवड्याभरात उतरतील, अशी ती कारणे होती. वीस वर्षांच्या मुलाला ती खरी वाटावीत यात नवल नाही. परंतु पैसे पाठविणारे हात घरी असतात. ‘थांब, सगळे थांबलेत’ असे सांगायचे की ‘उद्याचे तिकीट काढ, पैशाचे आम्ही पाहतो’ असे सांगायचे, हे पुष्कळदा त्या घरातच ठरते. म्हणून हे भाषण आम्ही मुलांपुढे न करता आपणांपुढे करीत आहोत.

आकाश बंद झाल्यावर सगळी गणिते बदलतात. पुढे ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेत सरकारने रुमानिया, हंगेरी, पोलंड आणि स्लोव्हाकिया येथून विमाने पाठवून हजारो मुले आणली. पण त्या सीमांपर्यंत पोचणे मुलांकडे होते आणि पूर्वेकडील खार्किव्हपासून पश्चिमेची सीमा हजार किलोमीटरहून दूर होती. १ मार्चला खार्किव्हमध्ये कर्नाटकातील एक विद्यार्थी अन्न आणण्यास बाहेर पडला असता मारला गेला. दुसऱ्याच दिवशी वकिलातीने कळविले, की वाहन न मिळाल्यास पायी, पण संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा. जवळची नेमून दिलेली गावे अकरा ते सोळा किलोमीटरवर होती. सुमी शहरातल्या सुमारे सातशे मुलांना तर ८ मार्चपर्यंत निघता आले नाही. पाणी बंद पडले तेव्हा त्यांनी बर्फ वितळवून पाणी केले.

यातून निघणारी सूचना काहींना विरोधाभासाची वाटेल. गोळीबार सुरू होण्यापूर्वी जितक्या लवकर निघता येईल तितके निघावे, आणि एकदा सुरू झाला, की कोणाचा निरोप आल्याखेरीज हलू नये. युक्रेनमध्ये वकिलातीने प्रथम हेच सांगितले होते, की पूर्वसूचनेवाचून सीमेकडे धावू नका. तरी अनेकजण थंडीत चालत गेले आणि सीमेवर तिष्ठत राहिले. तळघरात चार दिवसांचे पाणी, कोरडे अन्न, नेहमीची औषधे आणि बॅटरी ठेवावी. लष्करी रंगाचे कपडे घालू नयेत. नाक्यावर वा सैनिकांचे छायाचित्र काढू नये. गटाने राहावे आणि गटातील एकानेच वकिलातीशी बोलावे. आणि घरच्यांनी तासातासाला फोन करू नये! आईचा जीव राहत नाही हे आम्ही जाणतो. परंतु विजेविना तळघरात असलेल्या मुलाच्या मोबाइलची बॅटरी ही त्या वेळी अन्नाइतकी मोलाची असते. दिवसातून दोन वेळा ठरवाव्यात आणि एका ओळीचा संदेश पुरा मानावा.

आता कागद आणि पैसा. येथे जुने उदाहरण अधिक बोलके आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. तेथील सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांपैकी बहुतेकांना बगदादमार्गे अम्मानला येऊन तेथून विमानाने मुंबई गाठावी लागली. जगातील अत्यंत महाग चलनांत गणला जाणारा कुवेती दिनार इराकने आधी स्वतःच्या दिनाराच्या बरोबरीने धरला आणि नंतर चलनातूनच काढून टाकला. वर्षानुवर्षे साठविलेल्या नोटा खिशात असून माणसे निर्धन झाली. म्हणून तेथे राहणाऱ्याने डॉलरच्या लहान नोटा थोड्या जवळ बाळगाव्यात. बँक बंद झाली, की कार्डाचा उपयोग नाही.

कुवेतच्या प्रकरणाचा दुसरा भाग आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला आणि आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयातील खास कुवेत कक्षामार्फत दावे गेले. कुवेत वा इराक सोडावे लागले एवढ्यासाठीही ठरावीक रक्कम होती; मात्र आपण तेथे होतो आणि अमुक तारखेस निघालो, हे कागदाने दाखवावे लागे. घर सोडताना दागिन्यांची पेटी आठवते, पण करारपत्र, पगाराची पावती, निवासपरवाना आठवत नाही. यांच्या प्रती आजच घरी मागवून ठेवाव्यात. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. मूळ पासपोर्ट शक्यतो मालकाच्या तिजोरीत राहू देऊ नये. मुलाचा पत्ता त्या देशाच्या लिपीतही लिहून घ्यावा, कारण वाटाड्याला तोच वाचता येतो.

विम्याविषयी एकच सांगतो. प्रवासविम्याच्या बहुतेक पत्रांत युद्धातून झालेली हानी वगळलेली असते, आणि ते कलम बारीक टायपात असते. तसेच काही देशांविषयी सरकारचे निर्बंध असतात. उदाहरणार्थ, २०१७ मध्ये सरकारने पूर्वपरवानगीवाचून येमेनला जाण्यास बंदी घातली. दलाल हे सांगत नाही. निघण्यापूर्वी मंत्रालयाच्या सूचना स्वतः वाचाव्यात.

शेवटी एक लहानशी पण उपयोगी गोष्ट. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानमध्ये लढाई पेटली. खार्तूमहून बसने आठशेहून अधिक किलोमीटर तुडवून लोक पोर्ट सुदानला आले, तेथून जेद्दा आणि मग स्वदेश. एवढे करून मुंबई व बंगळुरूस सुखरूप उतरलेल्या काहींना विमानतळावरूनच विलगीकरणात जावे लागले, कारण पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र जवळ नव्हते. आफ्रिकेतील पुष्कळ देशांना हा नियम लागू आहे. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि मग जन्मभर चालते. पुढील दोन-तीन महिन्यांत ज्यांच्या घरचे कोणी निघणार असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर थोडे थांबावे; कागदांची यादी आम्ही सोबत आणली आहे.