इंजिनाच्या नळींत शिरलेली हवा

भिवंडी तालुक्यांतील अंजूर हें गांव उल्हास नदीच्या खाडीच्या बाजूस वसलेलें आहे. खाडीकांठच्या शेतकऱ्यास पावसाइतकीच भरतीचीही धास्ती असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें, आणि बांधास भगदाड पडलेलें असल्यास खारें पाणी भातखाचरांत शिरतें. मातींत एकदां मुरलेलें मीठ सहजासहजीं धुऊन निघत नाहीं. म्हणूनच मुंबई प्रांतानें १९४८ सालीं, आणि पुढें महाराष्ट्र राज्यानें १९७९ सालीं, खारजमिनींसंबंधीं स्वतंत्र कायदे केले. परंतु कायद्यानें भगदाड बुजत नाहीं. त्यासाठीं माती लागते. ती पूर्वीं माणसें डोक्यावरून वाहून टाकीत. आतां पुष्कळ ठिकाणीं बुलडोझर लोटतो.

अशा एखाद्या बांधावर जुना बुलडोझर काम करीत आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. भगदाड निम्में बुजलें आहे, भरतीस चार तास उरले आहेत, आणि यंत्र दोन आचके देऊन बंद पडतें. टांकींतलें डीझेल तळाशीं गेलें होतें. यंत्र उतारावर कललें, तेव्हां नळीचें तोंड उघडें पडलें. चालक टांकी भरतो आणि पुन्हां इंजिन फिरवितो. तें फिरतें, पण पेटत नाहीं. बांधावर उभा असलेला वृद्ध शेतकरी विचारतो, "दादा, पोट तर भरलंत, मग हा उठत कां नाहीं?" चालक म्हणतो, "बाबा, एअर धरलीय त्यानं. घशांत वारा अडकलाय."

हें उत्तर अगदीं शास्त्रशुद्ध आहे. पेट्रोल इंजिनास ठिणगी लागते, डीझेल इंजिनास ती लागत नाहीं. सिलिंडरांतली हवा दाबून दाबून इतकी तापविली जाते कीं तिच्यांत फवारलेलें तेल आपोआप पेटतें. रूडोल्फ डीझेल यांच्या इंजिनाची १८९७ सालीं जर्मनींत आउग्सबुर्ग येथें यशस्वी चांचणी झाली, तेव्हां तेल आंत उडविण्याचें काम दाबलेली हवाच करीत असे. पुढें तें काम पंपाकडे आलें. १९२७ सालापासून बॉश यांच्या कारखान्यांत असे पंप मोठ्या संख्येनें तयार होऊं लागले, आणि १९३१ सालीं अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनीनें आपला पहिला डीझेल ट्रॅक्टर बाजारांत आणला. ज्या हवेनें प्रारंभीं इंजिनास तेल भरविलें, तीच या नव्या रचनेंत वैरीण ठरली.

याचें कारण सोपें आहे. नोझल उघडण्यास वातावरणाच्या शंभर पटींहून अधिक दाब लागतो. तेल दाबानें फारसें आकसत नाहीं; म्हणून पंपाचा दट्ट्या पुढें सरकतांच तो दाब नोझलपर्यंत पोंचतो. नळींत हवेचा बुडबुडा असल्यास दट्ट्याची सारी शक्ति त्यास चेपण्यांत खर्च होते. दट्ट्या मागें आला कीं बुडबुडा पुन्हां फुगतो, आणि नोझल मिटलेलेंच राहतें.

अशा वेळीं पुनःपुन्हां इंजिन फिरविणें हा सर्वांत महाग पडणारा उपाय होय. त्यानें बॅटरी उतरते, आणि हवा जेथल्या तेथेंच राहते. हवा काढण्याची एक ठरलेली वाट आहे, ती टांकीकडून सिलिंडराकडे.

प्रथम पुढील पातें जमिनीवर टेकवावें, गिअर काढावा, ब्रेक अडकवावा. टांकीच्या तळाचें पाणी व गाळ काढून टाकावा आणि तेलाची तोटी उघडावी. फिल्टरावरील हवेचा स्क्रू पुसून थोडा सैल करावा व हातपंप मारावा. आरंभीं फेंस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटीं स्वच्छ, अखंड धार. धार अखंड झाल्यावरच, ती वाहत असतांना, स्क्रू आंवळावा. फिल्टर दोन असतील तर टांकीजवळचा आधीं. त्यानंतर हीच क्रिया मोठ्या पंपावरील स्क्रूची. हातपंपाची दांडी ढिली लागली तर पंप बिघडला असें समजूं नये. इंजिन थोडेंसें फिरविलें कीं दांडीस पुन्हां जोर येतो.

शेवटीं नोझलकडील नळ्यांचे नट थोडे सैल करून, तेलाची दांडी चालू बाजूस ठेवून इंजिन फिरवावें. कित्येक जुन्या बुलडोझरांवर त्यासाठीं लहानसें पेट्रोल इंजिन बसविलेलें असतें. ज्या नळींतून बुडबुड्यावांचून तेल उसळेल, तिचा नट आंवळावा. या कामीं एक पथ्य प्राणासारखें जपावें. तेल येतें कीं नाहीं हें पाहण्यास बोट पुढें करूं नये. त्या दाबाचा फवारा सुईसारखा कातडींत घुसतो. जखम टिंबाएवढी दिसते व फारशी दुखत नाहीं. परंतु आंत तेल पसरून हात गमावण्याची पाळी येते. असें झाल्यास काम टाकून तत्काळ इस्पितळ गांठावें.

हवा काढूनही इंजिन पुन्हां पुन्हां बंद पडत असेल, तर ती कोठून शिरते हें शोधावें. पंपाच्या ओढीच्या बाजूची सैल जोडणी नेहमीं गळतेच असें नाहीं. पुष्कळदां ती बाहेर कोरडी दिसते आणि आंत हवा ओढीत असते. झिजलेला वायसर किंवा चिरलेली रबरी नळी एवढेंच कारण पुरतें.

बांधावरील चालकास या साऱ्यास अर्धापाऊण तास लागतो. इंजिन प्रथम एका सिलिंडरावर अडखळतें, धूर ओकतें, आणि मग एकेक सिलिंडर जागा होऊन आवाज एकसारखा होतो. भरतीपूर्वीं भगदाड बुजतें. अंधार पडल्यावर वृद्ध घरीं निघतो, तरी चालक थांबलेलाच असतो. तो रिकामी होत आलेली टांकी कांठोकांठ भरीत असतो. भरलेल्या टांकींत रात्रीच्या गारव्यानें पाणी धरत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं उतारावरही नळीचें तोंड तेलाखालींच राहतें.