मोठ्या आतड्याचा कर्करोग

सरकारी नोकरीत माणसाला एक सवय जडते. अप्रिय फाइल टेबलावर आली, की ती ढिगाच्या तळाशी सरकवावयाची. शरीराच्या बाबतीत ही सवय किती महाग पडते, हे मी घरातच पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू साताऱ्याहून दिल्लीस आमच्याकडे आले होते. शौचाच्या वेळी रक्त पडते, असे त्यांनी संकोचत सांगितले. "दादा, मूळव्याध असेल, तिखट कमी करा," असा सल्ला मी वैद्याच्या थाटात देऊन टाकला. आठ महिन्यांनी निदान झाले ते गुदाशयाच्या कर्करोगाचे.

हा रोग एका रात्रीत उद्भवत नाही. बहुधा आतड्याच्या आतील अस्तरावर प्रथम एक लहानसा मांसांकुर उगवतो. त्याचे रूपांतर कर्करोगात होण्यास पुष्कळदा दहा-दहा वर्षे लागतात. पुढे रोगट पेशी आतड्याच्या भिंतीचे थर एकामागून एक पोखरीत जातात. तेथून जवळच्या रसग्रंथींत, उदरपोकळीच्या अस्तरावर, अथवा रक्तावाटे दूर, अशा त्यांच्या वाटा असतात. आतड्यातील रक्त आधी यकृतात जाते. म्हणून रोगाचे दूरचे ठाणे बहुधा तेथेच पडते. त्याखालोखाल फुप्फुसांचा क्रम लागतो. रोग भिंतीत किती खोल गेला आणि ग्रंथींपर्यंत पोहोचला की नाही, यावरून त्याच्या पायऱ्या ठरवाव्यात, हा विचार लंडनचे डॉ. ड्यूक्स यांनी १९३२ साली मांडला. आजची वर्गवारी त्याच पायावर उभी आहे.

उपचारांत शस्त्रक्रिया मुख्य होय. आतड्याचा रोगट भाग लगतच्या ग्रंथींसह काढतात व निदान बारा ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ग्रंथींत रोग सापडल्यास पुढे औषधे देतात. गुदाशयाचा रोग वाढलेला असेल, तर पुष्कळदा किरणोपचार आधी करतात. माइल्स यांच्या १९०८ च्या शस्त्रक्रियेत पोटावर कायमचे मलद्वार करावे लागे. १९८२ साली हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे मेदाचे वेष्टन अखंड काढण्याचे महत्त्व दाखविले. त्यामुळे त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले आणि अनेकांचा नैसर्गिक मार्गही वाचू लागला. यकृतातील मोजक्या गाठी काढून काही रोगी पूर्ण बरे झाल्याचीही उदाहरणे आहेत.

दादांचा मार्ग मात्र वाचला नाही; गाठ फार खाली होती. पोटावरची पिशवी सांभाळीत ते आज रोज सकाळी फिरावयास जातात. त्यांनी मला कधी दोष दिला नाही; आणि हेच मला अधिक बोचते.

सख्ख्या भावास हा रोग झाला, तर आपली तपासणी चाळिशीतच करून घ्यावी, असे डॉक्टरांनी मला बजावले. दुर्बिणीच्या तपासणीत माझ्याही आतड्यात एक मांसांकुर आढळला. तो त्याच बैठकीत काढून टाकला, आणि सायंकाळी मी घरी परतलो. दादांच्या व माझ्या दैवात एवढाच फरक, की माझी फाइल वेळेवर उघडली गेली.

म्हणून श्रोतेहो, शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, अकारण पंडुरोग वा वजनातील घट, यांपैकी काही दिसल्यास संकोच बाजूस ठेवा. मूळव्याध आहे की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. मी ठरविले होते; त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.