वही गावातच राहू दे
(देवबाग, ता. मालवण इथल्या बैठकीतलं बोलणं)



इथं एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, मधली वाळूची पट्टी म्हणजे देवबाग. लाट किनारा खाते. जमीन राखणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आपलं रान वेगळं, दुखणं तेच.

आमच्या गावात एक संस्था आली. नकाशा केला, सह्या घेतल्या. प्रकल्प संपला, संस्था गेली. दाव्याची नक्कल मागायला गेलो तर दाराला कुलूप! चूक आमचीही, आम्ही कागद ठेवलाच नव्हता.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. २००९ ला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक पासासाठी भांडावं लागलं, २०११ ला पास ग्रामसभेच्या हाती आले. बाहेरचे मित्र मदतीला होतेच, पण ठराव ग्रामसभेचा, तोही सगळ्यांच्या संमतीनं.

वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. संस्थेला सांगा, मोजणी शिकवा, हिशेब शिकवा. वही आमच्याकडे राहील.

पुढल्या बैठकीला दाव्याची नक्कल घेऊन या. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पाऊस असेल.