यश कशास म्हणावे?

(श्रींच्या वर्धापन उत्सवात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या व्यासपीठावर बहुधा गुणांचीच चर्चा होते. आज आपल्या अनुमतीने मी एका खेळाच्या शिक्षकाची हकीकत सांगणार आहे. मी स्वतः क्रीडापटू नव्हे. लिसेंवमधील शिक्षण आटोपल्यावर माझा उभा जन्म कचेरीतील नोंदवह्या लिहिण्यात गेला. तथापि अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचे चरित्र वाचताना मला वाटले की, हा मनुष्य आपल्या घराघरांतील एका प्रश्नाचे उत्तर देत आहे.

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियाना राज्यातील हॉल या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. पुढे शेती हातची गेली आणि कुटुंब मार्टिन्सव्हिल या गावी आले. दुसऱ्यापेक्षा वरचढ होण्याच्या मागे लागू नकोस, पण आपल्या परीने उत्तम होण्यात कसूर करू नकोस, ही वडिलांची शिकवण हीच मुलाची शिदोरी ठरली. १९२७ साली त्यांच्या शाळेने राज्याचे अजिंक्यपद मिळविले. पुढे परड्यू विद्यापीठातर्फे खेळताना अखिल अमेरिकन संघात त्यांची तीन वेळा निवड झाली. १९३२ साली पदवी घेऊन ते इंग्रजीचे शिक्षक झाले व त्याबरोबरच शाळेचा संघही त्यांच्याकडे आला. एवढ्या नामांकित खेळाडूच्या हाताखालील त्या संघाने पहिल्या हंगामात ६ सामने जिंकले आणि ११ गमावले! स्वतःला खेळता येणे वेगळे आणि दुसऱ्यास शिकविता येणे वेगळे, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

त्याच सुमारास त्यांच्या वर्गातील मुलांचे पालक तक्रार घेऊन येऊ लागले. मुलाने कितीही कष्ट केलेले असोत, वरची श्रेणी मिळाली नाही की आईबापांच्या लेखी तो नापासच! वुडन यांना हे रुचले नाही. शेजाऱ्याच्या मुलास देवाने अधिक बुद्धी दिली असेल, तर त्यात आपल्या मुलाचा अपराध तो कोणता? म्हणून १९३४ साली त्यांनी यशाची स्वतःची व्याख्या सिद्ध केली. तिचा आशय असा की, आपल्या शक्तीनुसार आपण सर्वस्व ओतले, या जाणिवेतून लाभणारी मनःशांती म्हणजे यश. ही शांती दुसरा कोणी देऊ शकत नाही आणि हिरावूनही घेऊ शकत नाही.

बंधुभगिनींनो, व्याख्या करणे सोपे असते. तिची परीक्षा १९४७ साली झाली. वुडन तेव्हा इंडियाना राज्य अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षक होते. संघाला एका राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. परंतु तेथे कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा कृष्णवर्णीय तरुण होता. तो काही संघाचा आधारस्तंभ नव्हता. त्याला घरी ठेवून जाणे सहज शक्य होते. परंतु आपल्यातील एकाला दार बंद असेल तर आपण सर्वांनी आत जाऊन करायचे काय? वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढील वर्षी तो नियम उठला, संघ वॉकरसह गेला आणि अंतिम सामना हरला. तरीही १९४८ ची ती स्पर्धा आज वॉकरच्या नावाने ओळखली जाते. कारण त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय.

त्याच वर्षी वुडन लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. तेथील जुनी व्यायामशाळा कोंदट होती. सरावापूर्वी जमीन पुसण्यास ते स्वतः हात लावीत. सरावाच्या प्रत्येक मिनिटाची आखणी ते लहान कार्डांवर करीत आणि ती जपून ठेवीत. एका कारकुनाला हे वाचून किती समाधान वाटले असेल, याची आपण कल्पना करावी! हंगामाच्या आरंभी ते उंचापुऱ्या तरुणांना पायमोजे कसे घालावेत ते शिकवीत. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव चुकतो. क्षुल्लक म्हणून सोडलेली गोष्टच पुढे नडते.

एवढे करूनही राष्ट्रीय अजिंक्यपद मिळण्यास १९६४ साल उजाडले. सोळा हंगाम! त्यानंतर मात्र १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, त्यांपैकी १९६७ ते १९७३ अशी सात लागोपाठ, आणि सलग ८८ सामन्यांत विजय. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी बास्केटबॉलच्या सन्मानमंदिरात स्थान मिळविणारे ते पहिलेच. विशेष हे की, सामन्यापूर्वी ते जिंकण्याची भाषा करीत नसत. १९७५ च्या उपान्त्य सामन्यात समोरच्या संघाचे प्रशिक्षक डेनी क्रम हे त्यांचेच शिष्य होते. तो सामना अवघ्या एका गुणाने जिंकल्यावर वुडन यांनी निवृत्ती जाहीर केली.

त्यांच्यावर टीका झालीच नाही असे नव्हे. एक धनिक हितचिंतक नियमाविरुद्ध खेळाडूंवर मेहेरबानी करीत असता त्यांनी पुरेशी चौकशी केली नाही, असा ठपका पुढे ठेवला गेला. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना हेही सांगावयास हवे. पायमोज्याच्या सुरकुतीपर्यंत पोहोचणारी नजर येथे कमी पडली, हे त्यांच्याच कसोटीने म्हणावे लागते.

४ जून २०१० रोजी, शंभरीला चार महिने उरले असताना, त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रांनो, आज ज्यांना पारितोषिके मिळाली त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. परंतु माझे बोलणे मागील रांगांत बसलेल्या, नाव न पुकारल्या गेलेल्या मुलांसाठी अधिक आहे, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांसाठी. घरी गेल्यावर "किती गुण मिळाले?" असे विचारण्याआधी "मनापासून केलेस ना?" एवढे विचारावे. मुलाने मान वर करून होकार दिला, तर त्याच्या हातावर प्रसाद ठेवावा आणि त्याला जवळ घ्यावे.