आजार तर खोटा नव्हता

परवा गटाच्या बैठकीत हिशेब आटोपल्यावर आम्ही सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगवर बोलत बसलो. १९९६ मध्ये या अमेरिकन खेळाडूला कर्करोग झाला. तो फुप्फुसांत, मेंदूतही पसरला होता. त्यातून उठून तो फ्रान्सची मोठी शर्यत १९९९ ते २००५ सलग सात वेळा जिंकला. कितीतरी आजारी माणसांनी त्याच्या संस्थेची पिवळी पट्टी मनगटात घातली.

निवृत्तीनंतर २००९ मध्ये तो पुन्हा उतरला, तिसरा आला. चाहते टाळ्या वाजवत होते, पण मनात पाल चुकचुकत होती. उत्तेजक औषधांचा संशय जुनाच होता. त्याच्या संघात मालिश करणारी एमा ओरायली २००४ मध्येच बोलली होती. त्याने तिचीच बदनामी केली. बाई खरं बोलली की आधी तिचं चारित्र्य निघतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको!

२०१२ मध्ये सातही विजेतेपदं गेली, पुढच्या वर्षी त्याने टीव्हीवर कबुली दिली. आमचा राग एमासाठी आहे, शर्यतीसाठी नाही. पण गटातली एक जण, जिचे स्वतःचे उपचार चालू आहेत, ती म्हणाली, “त्याचा आजार तर खोटा नव्हता ना?” त्यावर आम्ही गप्प झालो.