खेळांचे यजमानपद आणि नगराचा जीर्णोद्धार



'लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. जागतिक क्रीडामहोत्सव भरविणाऱ्या नगराला ही दोन्ही कामे एकदमच अंगावर घ्यावी लागतात. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादेस व्हावयाच्या आहेत. तेव्हा हा विषय आता परक्यांचा राहिलेला नाही. अशा उत्सवाने नगराचा जीर्णोद्धार होतो काय? या प्रश्नाचा विचार आम्ही आज स्पेनमधील बार्सिलोना नगराच्या आधारे करणार आहोत.

बार्सिलोना समुद्रकाठी वसलेले. परंतु तेथील नागरिकाला समुद्र जवळ जवळ पारखा झाला होता. पोब्लेनोऊ या जुन्या गिरणभागातील बंद पडत चाललेले कारखाने, गुदामे आणि किनाऱ्याला लागून जाणारा लोहमार्ग यांची एक भिंतच नगर आणि पाणी यांमध्ये उभी राहिली होती. १९७५ साली हुकूमशहा फ्रँको मरण पावला, १९७६ साली महानगराचा आराखडा मंजूर झाला आणि १९७९ साली लोकनियुक्त नगरपालिका अधिकारावर आली. तिच्यापाशी पैसा बेताचाच. म्हणून तिने आरंभ लहान कामांपासून केला. वस्तीवस्तीतून चौक मोकळे केले, बागा केल्या, मोडकळीस आलेल्या जागा सुधारल्या. ऑक्टोबर १९८६ मध्ये ऑलिंपिकचा मान मिळाला तेव्हा आपल्याला काय हवे आहे, हे त्या नगराला आधीच ठाऊक होते. नगरपिते पास्कुआल मारागाल यांच्या कारकीर्दीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

मग खेळांनी काय दिले? खेळांनी तारीख दिली. २५ जुलै १९९२ हा दिवस पुढे ढकलता येण्याजोगा नव्हता. एरवी केंद्रसरकार, प्रांतसरकार आणि नगरपालिका यांच्या पत्रव्यवहारात वर्षे गेली असती. येथे केंद्र आणि नगरपालिका यांना एका कंपनीत भागीदार व्हावे लागले. दारी मांडव पडायचा असला म्हणजे वर्षानुवर्षे रेंगाळलेली मोरी आठवड्यात दुरुस्त होते, त्यातलाच हा प्रकार! किनाऱ्याचा लोहमार्ग हलविला, सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, नगराभोवती वळणरस्ते बांधले. गिरणभागात खेळाडूंसाठी सुमारे २००० घरांची वसाहत उठली आणि तिच्यासमोर लोकांना स्नानासाठी वाळूचे किनारे खुले झाले. मुख्य क्रीडांगण मात्र नवे बांधले नाही. मॉन्जुइक टेकडीवरचे १९२९ चेच आतून नवे केले. एकूण खर्चाचा लहानसा भाग क्रीडागारांवर गेला. मोठा भाग नगरावर.

याच्या उलट मॉन्ट्रियल पाहा. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी तेथे भव्य क्रीडागार बांधण्यास घेतले. खेळ झाले तरी त्याचा मनोरा अपुराच होता. तो १९८७ साली पुरा झाला, आणि कर्ज फिटले २००६ साली! ऋण काढून सण करणे म्हणतात ते याला. क्रीडागार उभे राहिले, पण नगराच्या पदरात त्या मानाने थोडेच पडले.

तरीही बार्सिलोनाची कथा निव्वळ गोड नाही. खेळाडूंची घरे खेळांनंतर बाजारभावाने विकली गेली; गिरणभागातल्या गरिबाला ती घेणे कोठले परवडणार? नगर देखणे झाले तसा प्रवाशांचा लोंढा वाढला, घरभाडी चढली, आणि जुलै २०२४ मध्ये त्याच नगरात लोकांनी मोर्चा काढून प्रवाशांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडविल्या. त्याच्या आदल्याच महिन्यात नगरपालिकेने जाहीर केले होते की, प्रवाशांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुमारे १०,००० घरांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत बंद व्हावेत. समुद्र परत मिळाला. पण समुद्राकाठी राहणे महाग झाले.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच की, खेळ नगर घडवीत नाहीत. नगराने आधी केलेल्या संकल्पाला ते वेग देतात. संकल्पच नसेल तर वेग कर्जाच्या दिशेने नेतो. यजमानपदाचे आमंत्रण येईल तेव्हा नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत: खेळ आले नसते तरी हे काम आपण केले असते काय? पाहुणे गेल्यावर ते कोणाच्या उपयोगी पडेल? आणि ज्यांची वस्ती सुधारावयाची, ते सुधारणेनंतर तेथे राहू शकतील काय? हे प्रश्न मांडव घालण्यापूर्वी विचारावयाचे असतात; उष्टी पाने उचलताना नव्हे.